धीट्या असल्याचा दाखला

माझ्याबद्दलची एक गोष्ट आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे, कारण ती मीच सगळ्यांना सांगितली आहे. लहानपणी मी एका पुस्तकात होतो. पुस्तकात माझं नाव होतं असं नव्हे. मी स्वतः होतो, आणि तोही मुखपृष्ठावर. हत्तीवर बसलेला, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात काठी, अंगात तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा, कपाळावर एक बट, आणि खाली नदीत आ वासून बसलेल्या सात मगरी. पुस्तकाचं नाव 'धीट्या आणि सात मगरी'. तो धीट्या म्हणजे मी.

आता माझ्याकडे पाहून हे कुणाला पटकन पटत नाही, हे मला मान्य आहे. मी वजनमापे खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. दुकानातला किलो खरोखर किलो भरतो की नाही हे तपासणारे साहेब वेगळे. त्यांच्या फायली मी सांभाळतो. सव्वीस वर्षांत माझ्या अंगावर कुणी धावून आलं नाही आणि मी कुणाच्या अंगावर धावून गेलो नाही. अशा माणसाच्या पाठीशी एखादा हत्ती असलेला बरा असतो. बायकोला मी पहिल्याच भेटीत धीट्याबद्दल सांगितलं होतं. ती म्हणते, तिनं होकार दिला तो त्या आधीच. लेकीला मी पाळण्यात असल्यापासून सांगत आलो. ती आता कॉलेजात जाते आणि मी विषय काढला की तिला नेमका फोन येतो.

हे झालं कसं, तेही सांगतो. मी सहा वर्षांचा असताना आमच्या समोरच्या खोलीत एक चित्रकार बाई राहायच्या. एकट्याच. बोटं कायम शाईनं माखलेली, म्हणून सगळी मुलं त्यांना शाईमावशी म्हणायची. त्यांच्या खोलीत एका उंच स्टुलावर मला बसवून त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि बघत बघत कागदावर काढत होत्या, एवढं मला स्वच्छ आठवतं. पुढच्या वर्षी पुस्तक आलं, आणि त्यांनी एक प्रत मला दिली. आत लिहिलं होतं : 'छोट्यास, शाईमावशीकडून.' छोट्या म्हणजे मी. आता मला सांगा, एखाद्यानं यातून दुसरा काय अर्थ काढावा?

तर एका मंगळवारी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली. आमच्या भागातल्या वाचनालयाच्या सभागृहात शाईमावशींच्या पन्नास वर्षांच्या कामाचं प्रदर्शन भरणार होतं. बालपुस्तकांतली चित्रं, शिवाय इतर बरंच काही. उद्घाटन पुढच्या आठवड्यातल्या रविवारी अकरा वाजता, स्वतः बाई येणार. मला फार आनंद झाला. माझा बेत अगदी साधा होता. रविवारी सकाळी बायकोला घेऊन जायचं, मुखपृष्ठासमोर जरा वेळ उभं राहायचं, बाईंना नमस्कार करायचा आणि जेवायच्या वेळेला घरी यायचं.

पण बायकोनं ही गोष्ट जिन्यात हेडमास्तरांना सांगितली.

हेडमास्तर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांना निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण त्यांच्या बाबतीत शाळा सुटल्याची घंटा अजून झालेली नाही. इमारतीत कुणीही काहीही करणार असलं की त्यात सुधारणा सुचवणं हे ते आपलं कर्तव्य समजतात. ते तडक आमच्या घरी आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "नुसते बघून येणार?"

"हो. म्हणजे, प्रदर्शन बघायलाच असतं ना?"

"इतरांसाठी! अहो, उद्या तो हत्ती स्वतः प्रदर्शनाला आला, तर तो रांगेत उभा राहील का? तुम्ही प्रेक्षक नाही. तुम्ही प्रदर्शनाचा भाग आहात. वाचनालयाला पत्र लिहा."

मी नको नको म्हणत होतो. पण खरं सांगायचं तर नको म्हणताना मी कागद शोधत होतो. पत्राचा मजकूर हेडमास्तरांनी सांगितला आणि मी लिहून घेतला. 'उपरोक्त पुस्तकातील बालनायक हयात असून आपल्याच परिसरात वास्तव्यास आहे' हे वाक्य त्यांचं. 'आणि तो रविवारी मोकळा आहे' हे माझं.

दोनच दिवसांत वाचनालयातून बोलावणं आलं. ग्रंथपाल हा मुलांच्या पुस्तकांच्या भाषेत सांगायचं तर फार शिस्तीचा प्राणी होता. टेबलावर तीन पेन एकमेकांना समांतर. त्यानं माझं पत्र दोनदा वाचलं, मग मला एकदा वाचलं.

"आपण धीट्या?"

"हो."

"आनंद आहे. पण काय आहे साहेब, आपण तिसरे."

"तिसरे म्हणजे?"

"आपल्या आधी दोघांचं पत्र आलंय की आम्हीच धीट्या. एक जण तर पुस्तक निघालं त्यानंतर चार वर्षांनी जन्मलाय. त्यामुळे समितीनं ठरवलंय की भाषणाला स्टेजवर बोलावण्याआधी पुरावा घ्यायचा."

आणि त्यानं मला एक छापील अर्ज दिला. मुळात तो हरवलेल्या वाचक-कार्डाचा अर्ज होता. 'कार्ड' हा शब्द खोडून वर हातानं 'धीट्या' लिहिलं होतं. सोबत हवं होतं ते असं : त्या वयातलं छायाचित्र, त्या पत्त्यावर राहत असल्याचा पुरावा, आणि त्या काळी प्रत्यक्ष हजर असलेल्या एका व्यक्तीचं सही केलेलं निवेदन.

मी सरकारी माणूस आहे. अर्ज पाहून मी घाबरत नाही. उलट मला घरच्यासारखं वाटतं. पण आयुष्यभर मी टेबलाच्या अलीकडे बसलो. पलीकडून टेबल किती उंच दिसतं ते त्या आठवड्यात कळलं. ज्या इमारतीत आम्ही राहायचो तिथं आता मोटारींच्या टायरचं गोदाम आहे. सहाव्या वर्षीचं माझं छायाचित्र एकच आहे, आणि त्यात माझ्यापुढे काका उभे आहेत. काकांच्या कोपराच्या वर माझा एक कान दिसतो. डावा. हा कान वरच्या बाजूनं किंचित दुमडलेला आहे, जन्मापासूनच. तेवढ्यावरून मला ओळखता येईल, पण हत्तीवर बसवता येईल का, ही शंका मलाही आली.

"कान पुरेसा आहे," हेडमास्तर म्हणाले. "बाकी निवेदनावर भागवू. त्या काळी हजर कोण होतं?"

हजर होती माझी ताई. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. नगरपालिकेच्या तलावावर गेली तीस वर्षं ती मुलांना पोहायला शिकवते. तिचा आवाज पाण्याखालीही ऐकू येतो असं तिची मुलं म्हणतात. मी संध्याकाळी तलावावर गेलो तेव्हा ती शिट्टी गळ्यात अडकवून काठावर उभी होती. मी तिच्यापुढे हेडमास्तरांनी लिहून दिलेलं निवेदन धरलं. 'मी शपथपूर्वक सांगते की धीट्या या पात्रासाठी माझा धाकटा भाऊ हाच बसला होता व हे मी स्वतः पाहिले आहे.'

ताईनं ते वाचलं. मग परत वाचलं. चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं.

"हे लागणारच आहे का तुला?"

"त्याशिवाय ते स्टेजवर बसवत नाहीत. भाषण आहे माझं."

"भाषणपण?" ती म्हणाली. तेवढ्यात एका मुलानं उलट्या बाजूनं उडी मारली म्हणून त्याच्यावर ओरडली. मग म्हणाली, "पेन आण."

तिनं सही केली. ओल्या बोटानं, त्यामुळे शेवटचं अक्षर फुटलं. ग्रंथपालानं त्या फुटलेल्या अक्षरावर हरकत घेतली, पण हेडमास्तर सोबत होते. त्यांनी त्याला त्याची शाळा कुठली ते विचारलं आणि दहा मिनिटांत अर्ज मंजूर झाला.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हेडमास्तरांच्या मते नुसतं माझ्यासारखं दिसून चालणार नव्हतं, मी धीट्यासारखं दिसायला हवं होतं. तांबड्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचं कापड शोधत मी चार दुकानं हिंडलो. बावन्न वर्षांच्या माणसानं घालावं असं त्या पट्ट्यांचं कापड जगात कुणी विणत नाही. शेवटी एका दुकानात अगदी हुबेहूब मिळालं. शिंप्यानं ते बोटांत चोळून पाहिलं.

"किती गाद्या?" त्यानं विचारलं.

"गाद्या नाही. शर्ट."

"साहेब, हे गादीच्या खोळीचं कापड आहे. यात कापूस भरतात."

"माणूस भरता येईल का ते सांगा."

त्यानं माझ्या पोटाभोवती टेप फिरवली आणि म्हणाला, "भरेल." त्याच्या बोलण्यात कौतुक नव्हतं.

कपाळावरच्या बटेचा प्रश्न त्याहून अवघड. माझे केस मागून आहेत, बाजूनं आहेत; जिथं बट हवी तिथं नाहीत. न्हाव्यानं बाजूचे केस लांबून आणून पुढं वळवून पाहिले. आरशात पाहून बायको म्हणाली, "अहो, प्रश्नचिन्ह दिसतंय." मी ती बट तशीच ठेवली. हट्टाला पेटलो होतो म्हणा ना.

रविवारी आम्ही निघालो तेव्हा आम्ही दोघं नव्हतो. हेडमास्तरांनी इमारतीच्या फळ्यावर सूचना लावली होती, त्यामुळे एकोणीस जण होते. लेकही आली होती, कारण आत्या येणार होती. बसमध्ये एका बाईनं माझ्या शर्टाकडे बघून आपल्या मुलाला खिडकीकडे वळवलं.

वाचनालयाच्या दारात पहारेकऱ्यानं सगळ्यांना सोडलं आणि मला अडवलं.

"जादूवाले मागच्या दारानं."

"मी जादूवाला नाही."

"मग विदूषक? तोही मागूनच."

"मी आजचा पाहुणा आहे!"

"पाहुण्यांची नावं आहेत माझ्याकडे. काय नाव?"

यादीत माझं नाव नव्हतं. यादीत लिहिलं होतं, 'धीट्या (१)'. म्हणजे बावन्न वर्षांचा एक वरिष्ठ लिपिक, गादीच्या खोळीत, कपाळावर प्रश्नचिन्ह घेऊन, भर दारात मोठ्यानं सांगत होता, "मी धीट्या आहे! मी धीट्या!" आणि मागं रांगेतली मुलं खिदळत होती. आतापर्यंत झालेल्या सगळ्या अपमानांत हा पहिला नंबर, असं मला वाटलं. वाटायला हरकत नव्हती. अजून साडेअकरासुद्धा वाजले नव्हते.

भाषणाला अवकाश होता, म्हणून आम्ही प्रदर्शन बघू लागलो. पहिल्या दालनात पुस्तकं नव्हतीच. पोटासाठी केलेली कामं होती ती. बियाण्यांच्या पाकिटांवरच्या भाज्या, काडेपेट्यांवरचे पक्षी, छत्र्यांच्या कंपनीची कॅलेंडरं, औषधांची खोकी, आरोग्य खात्याची पोस्टरं, शाळेच्या पुस्तकातल्या हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या आकृत्या. एकाच हातानं दुधीभोपळाही काढला होता आणि यकृतही, आणि दोन्ही तितक्याच प्रेमानं. मी खरंच थक्क झालो. मला वाटायचं बाईंनी जन्मभर हत्ती काढले असतील.

"अहो," बायको एका पोस्टरपुढे थांबली होती. "इकडे या जरा."

पोस्टरवर लिहिलं होतं, 'मुलाच्या पोटात जंत आहेत का?' खाली एक मुलगा पोट धरून रडत होता. तोंड वेडंवाकडं, नाक वाहतंय, डोळ्यांतून धारा. आणि डावा कान वरून दुमडलेला.

"योगायोग," मी म्हणालो.

"बाबा," लेक पलीकडच्या भिंतीवरून म्हणाली, "इथंपण."

खोकल्याच्या औषधाचं खोकं. तोच चेहरा, गळ्याला मफलर. त्याच्या शेजारी 'रस्त्यावर खेळू नका' : गुडघ्याला पट्टी बांधलेला तोच मुलगा. छत्र्यांच्या कॅलेंडरवर छत्री नसलेला मुलगाही तोच. शाळेच्या पुस्तकातल्या 'आपल्या भावना' या पाठात चार चेहरे होते. आनंद, राग आणि भीती ही कुणा भलत्याची मुलं होती. दुःखाला कान दुमडलेला होता.

आता हेडमास्तरांच्या लक्षात आलं. त्यांना काहीही सापडलं की ते मोजतात. "दातदुखी, सहा! देवीची लस, सात! अहो, इकडे या सगळे, गोवर, आठ!" आमच्या इमारतीचे सतरा जण, आणि त्यांच्या मागून अनोळखी लोक, या चित्रावरून त्या चित्राकडे आणि प्रत्येक चित्राकडून माझ्या कानाकडे बघू लागले. एक आजी मला म्हणाल्या, "या पोस्टरला पाहून मी माझ्या लेकाला जंतांचं औषध पाजलं होतं हो! तुम्ही बरे झालात ना?" मी म्हणालो, बरा झालो. काय म्हणणार? पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत बाईंनी मला एकदाही हसताना काढलं नव्हतं. देशात जे जे दुखणं निघालं, ते ते मला झालं होतं.

"असू द्या," मी सगळ्यांना मोठ्यानं म्हणालो. "मुख्य चित्र पुढच्या दालनात आहे."

पुढच्या दालनात ते होतंच. मूळ मुखपृष्ठ, पुस्तकातल्याहून चौपट मोठं. हत्ती, नदी, मगरी, आणि वर तो. माझ्या छातीत काहीतरी भरून आलं, शर्टाची बटणं ताणली. त्याच्या खाली एका काचेच्या पेटीत जुनी स्केचवही उघडून ठेवली होती. बाईंनी ती त्याच सकाळी स्वतः आणली होती, असं बाजूला चिठ्ठीवर लिहिलं होतं. मी वाकलो.

डाव्या पानावर एक मुलगी होती. आखूड कापलेले केस, कपाळावर बट, एका मोठ्या ट्रंकेवर घोड्यासारखी टांग टाकून बसलेली, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात फूटपट्टी. उजव्या पानावर स्टुलावर बसून भोकाड पसरलेला एक मुलगा. त्याच मुलाचं खाली दुसरं चित्र, तोंड जरा लांब केलेलं. तिसऱ्यात आणखी लांब. चौथ्यात त्याला शेपूट आलेलं होतं. आणि बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात : 'धीट्या – समोरची थोरली. सातवी मगर – तिचा भाऊ.'

सातवी मगर म्हणजे सगळ्यात शेवटची. बाकीच्या सहा धीट्याला खायला येतात. सातवी नुसती रडत बसते, कारण तिचा दात दुखत असतो.

मी किती वेळ वाकून होतो कोण जाणे. मान वर केली तेव्हा शेजारी ताई उभी होती.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"हो."

"कधीपासून?"

"ट्रंकेवर मीच बसले होते रे. उवा झाल्या म्हणून माझे केस कापले होते त्या महिन्यात."

"आणि तू सही केलीस? शपथपूर्वक?"

"तू भाषण पाठ केलं होतंस ना." तिनं माझा शर्टाचा खांदा उगाचच झटकला. "पुस्तक आलं तेव्हा तू ते घेऊन आईकडे पळत गेलास. 'आई, हा मी.' आई तेव्हा कित्येक महिन्यांच्या आजारपणातून नुकती उठून बसायला लागली होती. ती हसली. किती दिवसांनी हसली होती ती! मग मी काय बोलणार होते? आणि नंतर राहूनच गेलं."

"पंचेचाळीस वर्षं?"

"त्यात काय एवढं. मला कुठं हत्तीवर बसून मिरवायचं होतं?" ती हळूच म्हणाली, "जा तू, बोलून ये. एवढं बारीक अक्षर कोण वाचतंय?"

त्याच वेळी ध्वनिक्षेपक खरखरला आणि ग्रंथपालाचा आवाज आला, "आता आपल्यासमोर येत आहेत, सर्व कागदपत्रांची छाननी होऊन मान्यता मिळालेले, धीट्या!"

टाळ्या पडल्या. मी स्टेजवर गेलो. समोर दोनशे माणसं, निम्मी तरी मुलं. पहिल्या रांगेत हेडमास्तर, ओठांनी माझ्या भाषणाचं पहिलं वाक्य म्हणत होते. त्यांच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत एक अगदी लहानखुऱ्या बाई. केस पांढरे, बोटं मात्र काळीनिळी. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या, पूर्वी बघायच्या तशाच.

पहिलं वाक्य होतं, 'धैर्य हे रक्तात असावे लागते.' ते मी उच्चारणारसुद्धा होतो. तोंड उघडलं होतं. पण मागे उभी असलेली ताई मला दिसली. ती टाळ्या वाजवत होती. बाकी सगळ्यांच्या थांबल्या होत्या, तरी ती वाजवत होती.

"माझ्या अर्जात," मी म्हणालो, "एक दुरुस्ती आहे."

ग्रंथपालानं खिशातून पेन काढलं.

"मी धीट्या नाही. धीट्या ती आहे, तिकडे, शिट्टीवाली. ती माझी मोठी बहीण. तिनं दिलेलं निवेदन खोटं आहे आणि ते मी तिच्याकडून घेतलंय, तेव्हा कारवाई करायची तर माझ्यावर करा. मी पुस्तकात आहे. पण मी सातवी मगर आहे."

हेडमास्तरांनी डोळे मिटले. आणि मग मुलं हसायला लागली. टिंगल नव्हती ती. सर्कशीत काहीतरी नवीन आलं की हसतात, तशी. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "तुमचा दात खरंच दुखत होता?"

"नाही," मी म्हणालो. आणि ते बोलेपर्यंत मला स्वतःलाच आठवलं नव्हतं. "आई दवाखान्यात होती. आम्हाला दोघांना समोर ठेवलं होतं. आई परत येणार नाही असं मला कुणीतरी सांगितलं होतं."

आता कुणी हसलं नाही. त्या मुलीनं विचारलं, "मग आली?"

"आली. बावीस दिवसांनी."

"हां," ती म्हणाली, आणि तिचं समाधान होऊन ती खाली बसली.

बाईंनी हात वर केला. ग्रंथपालानं ध्वनिक्षेपक त्यांच्यापुढे धरला. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता.

"मला मुलांचं काही कळायचं नाही," त्या म्हणाल्या. "पुस्तकं काढायचे मुलांची, पण पोर जवळ आलं की पळायचे. आणि हा दोन दिवस रडतोय. खात नाही, झोपत नाही. गप्प कसं करायचं ते मला येईना. येत होतं ते एकच. म्हणून मी त्याला काढायला बसले. ही थोरली ट्रंकेवर चढली, म्हणे मी हत्तीवर बसलेय, बघ. तरी हा रडतोच. मग मी त्याच्या चित्राला मगरीचं तोंड लावलं आणि दाखवलं. तेव्हा हसला." त्यांनी चष्मा नीट केला. "पुस्तक तिथनं निघालं. आधी मगर आली. धीट्या नंतर."

"पण बाई," शेजारून हेडमास्तरांना राहवलं नाही, "जंत, गोवर, खोकला, सगळीकडे हेच का?"

"औषधवाले म्हणायचे, मूल हसरं काढा. मी म्हटलं, दुखणाऱ्या पोराला हसरं काढलं तर त्याची आई दवाखान्यात कशाला नेईल? मग चेहरा काढायला बसलं की मला हाच आठवायचा. हसणारी पुष्कळ मिळतात. खरं रडणारा मला एकच मिळाला होता."

मी आयुष्यभर ज्याचा अभिमान बाळगला ते माझं नव्हतं. आणि जे माझं होतं ते भिंतीभिंतीवर लागून पोरांना दवाखान्यात पाठवून आलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. लेक पुढे येऊन माझा फोटो काढत होती. तिच्या हातातला फोन वाजत होता आणि ती तो उचलत नव्हती.

नंतर ताईला स्टेजवर ओढून आणलं. मुलांनी तिला हत्तीबद्दल विचारलं. तिनं त्यांना सरळ सांगितलं की हत्ती पत्र्याचा होता आणि त्यात उन्हाळ्यात चादरी असायच्या, आणि ज्यांना पोहायला येत नाही त्यांनी मगरी असोत नसोत, नदीत उतरायचं नाही. ग्रंथपालानं माझ्या अर्जावर 'मान्य' खोडून 'अंशतः मान्य' लिहिलं, तारीख घातली आणि माझी सही घेतली. हेडमास्तरांनी सगळ्यांना सांगायला सुरुवात केली की आपल्याला हा प्रकार आधीपासून संशयास्पद वाटत होता.

गर्दी ओसरल्यावर बाईंनी आम्हाला दोघांना बोलावलं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझा कान धरून बघितला, भाजी घेताना बघतात तसा.

"मोठा झालास," त्या म्हणाल्या. ही तक्रार होती की काय, कळलं नाही. "वेळ आहे का? बसा तिकडे दोघं. खिडकीपाशी. उजेड चांगला आहे."

जेवायची वेळ केव्हाच टळून गेली होती. बायको आणि लेक भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आम्ही खिडकीखालच्या बाकावर बसलो, ताई आणि मी, खांद्याला खांदा लावून, एवढे जवळ किती वर्षांनी बसलो होतो कोण जाणे. बाईंनी मांडीवर वही घेतली. त्यांचा हात कागदापर्यंत जाईतो कापत होता. पेन्सिल कागदाला टेकली की कापायचा थांबत होता. बराच वेळ त्या माझ्याकडे बघत होत्या आणि काढत होत्या. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो.

शेवटी मला राहवेना.

"मावशी," मी विचारलं, "यात मी कोण आहे?"

"अजून ठरलं नाही," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तू हलू नकोस."